अकरा सर्व्हर, एक डबा

“म्हणजे पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं?” दस्तगीर सरांनी विचारलं.

“येत होतं. आता येत नाही,” संघमित्रा म्हणाली.

सरांनी बावीस वर्षं एका कंपनीचे सर्व्हर सांभाळले होते. संघमित्रा त्यांच्याच हाताखाली शिकली. आता ते खुलताबादला, एका दर्ग्यामागच्या खोलीत राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रांजण भरत.

दुपारचा एक वाजला होता. सकाळची कामं उरकून ती स्कूटरवरून आली होती. शाबासकी घ्यायला.

“फट कशी होती?”

“लॉगिन केलं की सर्व्हर एक पास देतो. पुन्हापुन्हा पासवर्ड मागायला नको म्हणून. या फटीतून दुसऱ्याचा पास हाती लागत होता. आज पॅच लावला. फट बुजली.”

“किती सर्व्हर?”

“अकरा. सकाळी सहाला बसले, सव्वासातला उठले. कुणालाही न विचारता.”

“विचारायचं होतंस.”

“एक्केचाळीस दिवस विचारत होते. तीन मीटिंगा झाल्या. संस्थेचे विश्वस्त म्हणतात, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. वय झालं की माणसाला चालतंय एवढंच दिसतं.”

“माझंही झालंय.”

“तुमचं वेगळं आहे.”

“त्यांनाही तसंच वाटत असेल.”

तिच्या संस्थेची सात घरं होती. जिवाच्या भीतीनं पळून आलेल्या बायका तिथं राहत. घरांचे पत्ते कुठल्याच कागदावर नव्हते. फक्त त्या सर्व्हरवर होते.

“कालिंदाचं नाव मी स्वतः भरलंय,” ती म्हणाली. “अंबडच्या घरात आहे ती. जातीबाहेर लग्न केलं म्हणून भाऊ तिला शोधत तीन जिल्हे फिरतोय. नवऱ्याला तर त्यानं आधीच... मी तिला शब्द दिला होता, सर. आज पाळला.”

सरांनी कोनाड्यातलं कुलूप काढून तिच्या हातात दिलं.

“बाहेर जा. दाराला हे लाव. किल्ली तुझ्याकडेच ठेव.”

“आत्ता?”

“आत्ता.”

ती बाहेर गेली. कडी घातली. कुलूप लावलं.

“लागलं?” आतून आवाज आला.

“लागलं.”

“ओढून बघ.”

“पक्कं आहे.”

“आता कुणी आत येईल?”

“कुणाची बिशाद आहे?”

...

ऊन टाळूवर आलं होतं. दर्ग्याच्या जाळीला नवसाचा दोरा बांधणारी एक बाई तिच्याकडे पाहून गेली. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

“सर?”

आतून स्टीलचं झाकण वाजलं.

“शेपूची भाजी कुणी केली?” सरांनी विचारलं.

तिची पिशवी आत होती. पिशवीत डबा होता.

“आईनं,” ती म्हणाली. आणि मग तिचा हात कुलपावरच थांबला.

...

“सर. जुने पास मी रद्द केले नाहीत. आधीच कुणी शिरला असेल, तर तो अजून आतच असेल.”

तिनं किल्ली काढली.

किल्ली भोकात शिरेना. दोनदा खाली पडली. दार उघडून ती तशीच चपलांसकट आत गेली, जमिनीवर बसली आणि लॅपटॉप उघडला.

सर्व्हरवर या घडीला नऊ जण असायला हवे होते. दहा होते. दहावा अडतीस दिवसांपूर्वी आत आला होता, तो बाहेर गेलाच नव्हता. एका विश्वस्तांच्या नावानं बसला होता. ज्यांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नसे, त्यांच्या.

तिनं दहाही पास रद्द केले.

“काढला त्याला. आता आत कुणीही नाही.”

“आणि त्यानं नेलं ते?” सरांनी रिकामा डबा तिच्यापुढे ठेवत विचारलं.

तिनं अंबडला फोन लावला. तिथलं घर सांभाळणाऱ्या अनुसयाताईंनी उचलला.

“कालिंदाला द्या जरा.”

“ती दळण आणायला गेलीये की.”

“कधी?”

“नऊ वाजले असतील.”

“गिरणी किती लांब आहे?”

“लांब कसली? समोरच आहे. बघते हं मी...” चपलांचा आवाज आला. दार उघडल्याचा आला. मग रस्त्याचा आवाज, आणि त्यात अनुसयाताई कुणाला तरी विचारत होत्या. पुन्हा विचारत होत्या. मग फोन बंद झाला.

संघमित्रानं पुन्हा लावला. वाजत राहिला.

“तुम्हाला सरळ सांगता आलं असतं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “एका वाक्याचं काम होतं. त्यासाठी मला उन्हात उभं केलंत. विश्वस्तही मीटिंगच घेतात, तुम्हीही मीटिंगच घेतलीत.”

सरांनी मान खाली घातली.

“बोला ना. काहीतरी शिकवा. आता काय करू, ते शिकवा.”

...

रिकामा डबा दोघांच्या मध्ये पडला होता. सरांनी तो उचलून तिच्यापुढे धरला. तळाशी शेपूची काडीही उरली नव्हती.

“झाकण घट्ट लाव,” ते म्हणाले.