तळ्याचा पल्याडचा काठ

तुमच्या-आमच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला एक तळं होतं. तळ्यात कटला मासे असे माजलेले की बघताच तोंडाला पाणी सुटावं. पण गळ टाकायची मुभा वर्षातून एकाच दिवशी, तीही भर उन्हाळ्यात. दोघांनी जोडीनं जायचं, दोघांत गळ एकच, आणि सूर्य बुडाला की दोरी गुंडाळायची.

ज्याच्या घरी लग्नाची मुलगी असेल, त्या बापानं स्वतः धरलेला मासा त्या संध्याकाळी पाहुण्यांना वाढायचा, तेव्हा कुठे सुपारी फुटायची. मासा नाही, तर बोलणी थेट पुढच्या उन्हाळ्यावर. गावाचा रिवाजच तसा, त्याला काय करणार?

त्या वर्षी कोंडाजीच्या तुळसाला पाहुणे यायचे होते. मुलगा तिच्या मनात भरला होता. म्हणून कोंडाजी उजाडताच तळ्यावर हजर झाला, सोबत बालमित्र हरबा.

आता हा हरबा म्हणजे काय सांगू तुम्हाला! तोंड म्हणून मिटायचं नाही. त्यात टोपलीभर शेंगदाण्याची पेंड घेऊन आलेला. बसल्या बसल्या ती मुठीमुठीनं पाण्यात फेकायला लागला.

"हे काय चालवलंयस?" कोंडाजी खेकसला.

"माशांना बोलावतोय."

"पंगत घातलीयस का पंगत? पोट भरलेला मासा माझ्या गळाला कशाला तोंड लावेल?"

"अरे, वासानं गोळा होतात ते. जरा दम धर."

दम धरायचा, आणि वर याचं गाणं ऐकायचं! ऊन चढलं, कोंडाजीचं डोकं त्याहून तापलं. दोरीला बांधलेलं पीस पाण्यावर ढिम्म. हरबानं आणखी एक मूठ फेकली मात्र, कोंडाजी ताडकन उठला.

"ऊठ! ती टोपली उचल आणि डोळ्यांसमोरून चालता हो! तुझ्यामुळे माझ्या पोरीचं लग्न मोडेल!"

हरबा मुकाट्यानं उठला. रागावला सुद्धा नाही, याचाही कोंडाजीला संतापच आला. पल्याडच्या काठावर जांभळाच्या सावलीत जाऊन हरबा बसला आणि तिथं पेंड फेकू लागला.

उन्हं कलली तसं पल्याडचं पाणी ढवळायला लागलं. शेपट्या फटाफट आपटू लागल्या.

"कोंड्या!" हरबा ओरडला. "गळ घेऊन ये लवकर! पायाशी येऊन लोळतायत!"

कोंडाजीला स्वच्छ ऐकू आलं. पण गेला का? छे! आता गेलो तर हा जन्मभर ऐकवेल, असं म्हणून तो पाठ फिरवून बसला. हरबा हाका मारमारून थकला. शेवटी धापा टाकत काठाकाठानं पळत आला.

"चल ना बाबा. माझं जाऊ दे, तुळसासाठी तरी चल."

"मला शिकवू नकोस! तुझी बडबड थांबली की येतील इथंच."

अहो, काय म्हणावं या माणसाला! तळ्यातले सगळे मासे पल्याड, आणि हा अल्याड गळ धरून बसलेला. सूर्य बुडाला, दोरी गुंडाळली, मासा एकही नाही.

पाहुण्यांनी वरणभात खाल्ला. भले लोक, वाईट बोलले नाहीत. "पुढच्या उन्हाळ्यात बघू," एवढं म्हणून उठले.

हरबा दारात उभा होता. घसा पार बसलेला. "मी किती हाका मारल्या रे," तो कसाबसा म्हणाला.

उष्टी ताटं उचलता उचलता तुळसा थांबली. "बाबा, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

कोंडाजीनं खाली बघितलं. "आलं होतं," तो म्हणाला.

तुळसा ताटं घेऊन आत गेली. पुढचा उन्हाळा यायच्या आतच त्या मुलाची सुपारी दुसऱ्या गावात फुटली.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: सांगणाऱ्याचा कितीही वैताग आला तरी त्याचं खरं असेल तर ऐकावं, कारण आपल्या हट्टाची शिक्षा आपल्याच माणसांना भोगावी लागते.