यंदाची आंब

"किती निघाली म्हणालास?"

"अर्धी बाटली, बाबा."

"अर्धी..."

मोतीगिर बाबांनी बाटली उन्हाकडे धरली आणि पाहत राहिले. केरबा मान खाली घालून उभा होता. ती नम्रतेनं खाली आहे असं बाबांना वाटावं, एवढीच त्याची इच्छा होती.

बाटली कसली ते आधी सांगायला हवं. डोंगर जिथं संपतो आणि काळ्या रानाची सपाटी लागते, तिथं बाबांचा मठ. मठाला लागून दीड एकर हरभरा. थंडीच्या दिवसांत पहाटे त्या हरभऱ्यावरून स्वच्छ धुतलेलं धोतर फिरवायचं. पाल्याचा आंबटपणा दवात उतरतो, दव धोतरात उतरतं, आणि ते पिळून बाटलीत भरायचं. हीच हरभऱ्याची आंब. बाबा पोटदुखीवर ती चमच्या-चमच्यानं देत आणि माणसं लांबलांबून तिच्यासाठी येत.

यंदा बाबांचे गुडघे धरले, म्हणून धोतर केरबाच्या हाती आलं. तिशी ओलांडलेला गडी, सहा वर्षं मठात काढलेली. लोक त्याला 'धाकले बाबा' म्हणत. तो तोंडानं 'नको, नको' म्हणे आणि हाक पुन्हा यावी म्हणून जरा रेंगाळे.

पण साल असं आलं, की मार्गशीर्ष लागला तरी थंडीचा पत्ता नाही. वर डोंगरात गवताची कुसळं झालेली, खाली सपाटीला भर दुपारी पाय भाजत होते. घोंगड्या वळणीवरून खाली उतरल्याच नव्हत्या. पहाटेसुद्धा उघड्या अंगानं बाहेर बसावं असा उकाडा. अशात दव कुठून पडणार?

शेजारच्या रानातला हैबती बांधावरून म्हणालाही होता, "धाकले बाबा, यंदा आंब विसरा आता."

तिथं केरबानं गप्प बसायचं. पण नाही. म्हणाला, "अरे, ते धोतर धरणाऱ्यावर असतं."

झालं! तोंडातून गेलेला शब्द, तो काय माघारी येतोय? संध्याकाळपर्यंत गावभर झाला.

नऊ पहाटा धोतर कोरडं ठाक आलं. डोंगरात दव नाही, सपाटीला नाही, साऱ्या मुलखात नाही. पण या शहाण्याला वाटलं, ते फक्त आपल्याच धोतराला चुकवून पडतंय. बाबांनी रोज विचारावं, "काय रे, निघाली का?" आणि यानं म्हणावं, "निघतेय थोडी थोडी." दहाव्या दिवशी ती थोडी थोडी दाखवायची वेळ आली. मग यानं विहिरीवरून दोन घागरी आणल्या, हरभऱ्यावर शिंपडल्या, वरून धोतर फिरवलं आणि पिळलं.

ती ही अर्धी बाटली.

बाबांनी बाटली कलती करून करंगळी भिजवली आणि जिभेला लावली. विहिरीनं तळ गाठला होता आणि पाणी मचूळ झालं होतं. केरबाला हे आत्ता आठवलं.

बाबांनी पडवीकडे पाहिलं.

पडवीत कोंडाबाई बसली होती. डोंगरावरच्या वाडीतली, साठीला आलेली बाई. पोटात कळ आली की तिथल्या तिथं दुमडून बसायची. दर साली आंब न्यायला यायची. आजही उजाडायच्या आत निघून घाट उतरली होती, आणि आंब उपाशीपोटी घ्यायची म्हणून सकाळपासून तिनं घासभर खाल्लं नव्हतं.

बाबांनी बाटली केरबाच्या हातात परत दिली.

"दोन चमचे दे तिला."

"मी... बाबा?"

"काढलीस कुणी?"

केरबा चमचा घेऊन तिच्यासमोर बसला. बाबा सरकत सरकत येऊन तिच्या शेजारीच टेकले. कोंडाबाईनं पदर सारखा केला.

"आमच्या माथ्यावर तर दवाचा टिपूस न्हाई, धाकले बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, फेरा फुकट जातोय. पर तुमच्या हाताला गुण हाय बघा."

आणि तिनं डोळे मिटून तोंड उघडलं.

चमचा तिच्या ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं केरबाला झालं. ती बाई तशीच तोंड उघडून बसलेली...

"घेऊ नका," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. "का वं?"

"ही आंब नाही. विहिरीचं पाणी आहे. मीच शिंपडलं आणि मीच पिळलं."

कोंडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग चमच्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"पाणीच प्यायचं तर मी घाट कशाला उतरले असते रे?"

तिच्या तोंडचं 'धाकले बाबा' गेलं आणि अहोजाहोही गेलं.

"दव न्हाई, एवढं सांगितलं असतंस तर मी ओवा चावून पडले असते घरात. माझं पोट सांभाळत होतास, का तुझं तोंड?"

केरबानं चमच्यातलं पाणी पुन्हा बाटलीत ओतलं.

तेवढ्यात तिला कळ आली. ती गुडघ्यांत डोकं घालून बसली. केरबा उठला, चूल पेटवली, पाणी गरम केलं आणि ओव्याबरोबर तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते घेतलं, पण त्याच्याकडे बघून नाही. बऱ्याच वेळानं कळ ओसरली आणि ती भिंतीला टेकून निजली.

केरबानं बाटली अंगणात ओतून टाकली. तापलेल्या मातीनं ते पाणी डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. तो बाबांच्या पायाशी येऊन बसला.

"तुम्हाला कळलं होतं."

"हं."

"मग मला का द्यायला लावलंत? तिनं गिळलं असतं तर?"

"तिच्याजवळ कशाला येऊन बसलो होतो मी? ह्या गुडघ्यांनी?"

केरबाला वाटत होतं, बाबांनी एक थोबाडीत द्यावी, मठाबाहेर काढावं, काहीतरी करावं. बाबा गुडघा चोळत बसले होते.

"बाबा, गुरुवारी पंधरा-वीस माणसं येतील. आंब मागतील. हैबती पण येईल. मी त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा राहू? काय सांगू त्यांना?"

"सांग, यंदा दव पडलं नाही."

केरबा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच," बाबा म्हणाले. "दहा दिवस तुला तेवढंच बोलता आलं नाही."