घाट सोडून ठरलेली गाडी

घाटमाथ्याच्या अलीकडे एक पेठ होती आणि त्या पेठेत एक तांबट राहत असे. त्याच्या हंड्या-कळशांना नाव होते. पण त्याला स्वतःला अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. सांगितलेल्या भावाला त्याने आयुष्यात काही घेतले नव्हते. कोथिंबिरीची जुडी घेतानाही तो भाजीवाल्या बाईला रडकुंडीला आणी आणि घरी येऊन हसत हसत सांगे. लोकही म्हणत, "तांबटशेटला कोणी फसवू शकायचा नाही." हे ऐकले की त्याला जेवण गोड लागे.

दिवाळी झाली. गिऱ्हाईक ओसरले, भट्टी थंडावली. तांबटाची मुलगी सहा-सात वर्षांची होती. तिने कधीपासून एकच धोशा लावला होता.

"बाबा, समुद्र आपल्या मोठ्या हंड्याएवढा असतो का?"

"त्याहून मोठा."

"मग दाखवा ना."

तांबटाने ठरवले, चार दिवस दुकान बंद ठेवायचे आणि बायको-मुलीला समुद्र दाखवून आणायचे. वाट लांबची, मध्ये घाट. स्वतःची गाडी नव्हती. म्हणून तो बायकोला घेऊन गाडीतळावर गेला. तिथे भाड्याच्या बैलगाड्या उभ्या असत.

पहिला गाडीवान म्हातारा होता. त्याने शांतपणे भाडे सांगितले. तांबट दोन पावले मागेच सरला.

"अरे, समुद्र बघायचाय मला, विकत नाही घ्यायचा!"

"जाणं, येणं, बैलांची वैरण आणि घाटाचे दोरवाले, सगळं धरून सांगितलं, शेट."

तांबटाने निम्मे भाडे सांगितले. म्हातारा वळला आणि बैलाची पाठ चोळू लागला. दुसऱ्याने तर तांबटाचा आकडा ऐकून शेजारच्याला हाक मारली, "ऐकलंस का रे? शेटना बैल नकोत, बोकड जुंपून हवेत!" सगळा तळ हसला. तांबटाचे कान लाल झाले.

तळाच्या टोकाला एक तरुण गाडीवान उभा होता. नवी गाडी, रंगवलेली शिंगे, आणि कित्येक दिवसांत भाडे नाही. तांबटाने त्याचे तोंड पाहिले आणि ओळखले, हा वाकेल.

"वैरण वेगळी कशाला? वाटेत रान पडलंय. बैल चरतील," तांबट म्हणाला.

"चालता चालता चरायला वेळ कुठे मिळतो, शेट?"

"मग चाललो मी."

"थांबा, थांबा. वैरण काढली." गाडीवानाने कपाळावरचा घाम पुसला. "पण घाट धरून की सोडून?"

"सोडून. घाटाचं घाटात बघू."

उतारावर गाडी मागून दोराने धरून ठेवायला घाटात दोरवाले लागतात, हे तांबटाने ऐकले होते. पण ते सगळे गाडीवाल्यांनी मिळून काढलेले सोंग आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. उतारावर तर गाडी आपसूक जाते. तिथे पैसे कशाचे?

परत येताना बायको म्हणाली, "अहो, गिऱ्हाईकाने फार भाव पाडला की तुम्ही काय करता?"

"काय करतो? पत्रा पातळ करतो. दिसायला हंडा तेवढाच."

"मग हा गाडीवाला काय पातळ करील?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," तांबट म्हणाला, आणि विषय संपला.

निघायच्या सकाळी गाडीत आधी भांडी चढली. हंडे, कळशा, घंगाळी. गाडी ठरलीच आहे, तर खाली नेऊन चार भांडी विकू, असा तांबटाचा हिशेब. गाडीवान बघत राहिला. "हे बोलण्यात नव्हतं, शेट," एवढेच म्हणाला.

"बोलण्यात नको असंही नव्हतं."

मुलगी भांड्यांच्या मध्ये बसली. थोड्याच वेळात तिची बैलांशी गट्टी जमली. पांढऱ्याचे नाव चांद्या, तांबूस होता तो हरण्या. मुक्कामाला गाडी सुटली की ती हरण्याच्या तोंडाशी आपली भाकरी धरी. तो एका घासात ओढून घेई. "आई, याला किती भूक लागते!" ती म्हणे. गाडीवान मान दुसरीकडे वळवी.

तांबट मात्र खुशीत होता. मुक्कामावर दुसरे प्रवासी भेटले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही काय भाडं दिलंत?" समोरच्याने सांगितले की तो डोळे मोठे करी. "लुटलं हो तुम्हाला!" मग आपले भाडे सांगे, आणि समोरच्याचे पडलेले तोंड बघत पान खाई.

असे करत ते घाटमाथ्यावर आले. मुलगी गाडीत उभी राहिली आणि ओरडली, "बाबा, ते खाली लांब काय चकाकतंय?"

"तोच समुद्र."

ती टाळ्या पिटू लागली.

तांबटाने मात्र खाली उतरणाऱ्या वाटेकडे पाहिले आणि त्याची टाळी वाजली नाही. वाट कसली, डोंगरावर ओढलेला ओरखडा होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. पुढच्या गाडीतली माणसे उतरली होती. त्यांचे सामान डोक्यांवर निघाले होते. गाडीच्या मागे जाड दोर बांधून चार धिप्पाड माणसे पाय रोवून मागे रेलली होती. गाडी एकेक बोट खाली सरकत होती.

दोरवाल्यांचा म्होरक्या पुढे आला. त्याने दर सांगितला. तांबट हबकला.

"एवढ्यात मी गाढव विकत घेईन!"

"घ्या की. पण ते दोर धरणार नाही."

"थोडं कमी करा."

"आम्ही केलं असतं, शेट. उतार कमी होत नाही ना."

तांबटाने आपले हात पुढे केले. "हे बघा. जन्मभर घण मारलाय यांनी. माझी गाडी मीच धरीन."

म्होरक्या गाडीवानाकडे वळून म्हणाला, "पोरा, बैल तुझे आहेत."

गाडीवान तांबटाजवळ आला. "शेट, नको. बैल अर्धपोटी आहेत. भार जास्त आहे. निदान भांडी इथे ठेवू."

"आणि चोरीला गेली म्हणजे? ठरलंय तसं कर. नाही तर वळव गाडी. मग भाडं विसर."

गाडीवानाने बैलांकडे पाहिले, वाटेकडे पाहिले. त्याचा स्वतःचा सामान बांधायचा दोर होता. तो त्याने गाडीच्या मागे बांधला.

बायको म्हणाली, "मुलीला तरी खाली घ्या."

"एवढीशी तर आहे. चालेल कुठवर? बसू दे."

पहिले वळण नीट पार पडले. तांबटाने पाय रोवले होते, दोर मुठींत घट्ट होता. "बघ," तो बायकोला म्हणाला, "याचे पैसे मागत होते लेकाचे!"

दुसऱ्या वळणावर वाट मुरमाची होती. त्याची टाच घसरली. दोराला एक हिसका बसला, आणि जन्मभर घण मारलेल्या हातांतून तो सर्रकन निघून गेला. सोबत तळव्यांचे कातडे घेऊन गेला. बायकोने दोरावर झडप घातली, ती तोंडावर पडली.

गाडी सुटली.

भांडी दणादणा आपटत होती आणि त्या दणदणाटात मुलगी "बाबा, बाबा" करत होती. मागचा भार बैलांच्या मानेवर आला होता. त्यांना थांबायचे होते, पण पायांत जीवच नव्हता. समोर वळण होते आणि वळणापुढे काहीच नव्हते.

गाडीवान पुढून धावत होता. बाजूला उडी टाकली असती तर तो वाचला असता, गाडी दरीत गेली असती. त्याने उडी टाकली नाही. त्याने हरण्याचा कासरा दोन्ही हातांनी धरून अंगाशी ओढला आणि आपल्या हाताने आपला बैल कातळावर घातला.

धडक बसली. गाडी कलंडली. एक घंगाळ उडून दरीत गेले, बराच वेळ वाजत राहिले, मग वाजायचे थांबले.

तांबट धावत, पडत खाली पोहोचला. हरण्या कातळाशी पडला होता. त्याची मान जुवाखाली भलत्याच बाजूला वळली होती. त्याच्या पोटावर मुलगी पडली होती. डोळे उघडे, तोंड उघडे, हालचाल नाही. तांबटाला पुढे जाववेना.

गाडीवान पुढे गेला. त्याच्या कपाळातून रक्त गळत होते. बैलाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मुलीला उचलले, तिचे हात चाचपले, पाय चाचपले, पाठीवर एक थाप मारली. तिने मोठ्याने गळा काढला. तिला तिच्या आईच्या हातात देऊन तो म्हणाला, "वहिनी, पोर धडधाकट आहे. घाबरली फक्त."

मग तो हरण्याजवळ जाऊन बसला. त्याने बैलाचे डोके मांडीवर घेतले. ते डोके जड होते, कारण आता ते कोणी उचलून धरत नव्हते.

वरून दोरवाले धावत आले. कोणी टोमणा मारला नाही. त्यांनी गाडी सरळ केली, भांडी गोळा केली. म्होरक्याने आपले मुंडासे फाडून तांबटाच्या तळव्यांना बांधले. त्याने दर सांगितला नाही.

तांबट गाडीवानासमोर उभा राहिला.

"बैलाचं मी भरून देतो. किती द्यायचे, सांग."

गाडीवानाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तांबटाला तेच सहन होईना.

"तुम्हीच सांगा, शेट," तो म्हणाला. "आतापर्यंत भाव तुम्हीच ठरवलात."

तांबटाने तोंड उघडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडातून आकडा निघेना. त्याने बैलाकडे पाहिले. मुलीकडे पाहिले. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक आकडा असायला हवा होता. तो शोधता शोधता त्याला घाम फुटला, आणि तो मटकन खाली बसून लहान मुलासारखा रडला.

गाडी तिथे सोडता येत नव्हती. मागच्या गाड्या माथ्यावर अडल्या होत्या, आणि जवळ होता तो माथाच. पण जुवाला दोन माना लागतात आणि चांद्या एकटा उरला होता. तांबट उठला. तळवे बांधलेले, हाताने काही धरता येत नव्हते. तो चांद्याशेजारी जाऊन वाकला आणि रिकाम्या बाजूला त्याने आपली मान घातली.

"शेट, राहू द्या," गाडीवान म्हणाला.

"बोलू नकोस. हाक."

दोरवाल्यांनी गाडी माथ्याकडे वळवली आणि मागून रेटा दिला. तांबट चढ चढू लागला. जू मानेत रुतले, छाती फुटायला आली, चांद्याचा श्वास त्याच्या कानाशी वाजत होता. हे एवढे ओझे असते हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने कधी विचारले नव्हते.

माथ्यावर पोहोचल्यावर त्याने भांडी तिथल्या तिथे विकली. समोरच्याने जो भाव सांगितला तो घेतला. ते पैसे आणि कमरेचे पैसे त्याने न मोजता गाडीवानाच्या पदरात टाकले. गाडीवानाने नवा बैल घेतला. पण त्याचे नाव त्याने हरण्या ठेवले नाही.

त्या वर्षी मुलीने समुद्र जवळून पाहिला नाही. पुढच्या वर्षी तांबट पुन्हा गाडीतळावर गेला. म्हाताऱ्या गाडीवानाने भाडे सांगितले. तांबटाने एवढेच विचारले, "यात बैलांचं पोट भरतं ना?"

तात्पर्य: स्वस्तात मिळाले म्हणून हसण्याआधी विचारावे, यातून काय काढून टाकले आहे आणि ते कोणाच्या वाट्याचे होते. ज्याला हे विचारायची लाज वाटते, त्याने घरी बसावे.