टिचकीचा लाडवाचा कण

एक होती मुंगी. नाव तिचं टिचकी. केवढी? तिळाएवढी!

टिचकीला सापडला लाडवाचा कण. डब्याच्या झाकणावर. मोठ्ठा! एकटीला उचलेना. म्हणून ती गेली बहिणीला बोलवायला.

तेवढ्यात आली कुमुदमावशी. तिने डबा ठेवला पाण्याच्या ताटलीत. मुंग्या लागू नयेत ना!

टिचकी बहिणीला घेऊन आली. बघते तर काय? चहूकडे पाणी! मध्ये डबा. डब्यावर कण. टिचकीला रडूच आलं.

डब्याच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कुंडी. कुंडीत वालाची वेल. वेल वाकली तर पूल होईल! टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"वेली, वेली, वाक ना! माझा कण मिळेना!"

वेल म्हणाली, "पेशी फुगेना. मी कशी वाकू?"

वेलीच्या पोटात इवल्या इवल्या खोल्या. एकेक खोली म्हणजे एकेक पेशी. टिचकीने दार वाजवलं. टकटक!

"पेशी, पेशी, फुग ना! वेल वाकेना, माझा कण मिळेना!"

पेशी म्हणाली, "वाढरस येईना. मी कशी फुगू?"

वाढरस म्हणजे वेलीला वाढवणारा रस. तो बसला होता वर, शेंड्याच्या कुशीत. तुरुतुरु तुरुतुरु.

"रसा, रसा, ये ना! पेशी फुगेना, वेल वाकेना, माझा कण मिळेना!"

रस म्हणाला, "शेंडा सोडेना. मी कसा येऊ?"

"शेंड्या, शेंड्या, सोड ना! रस येईना, पेशी फुगेना, वेल वाकेना, माझा कण मिळेना!"

शेंडा म्हणाला, "ऊन शिवेना. मी कसा सोडू?"

ऊन होतं खिडकीबाहेर. तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा, शिव ना! शेंडा सोडेना, रस येईना, पेशी फुगेना, वेल वाकेना, माझा कण मिळेना!"

ऊन म्हणालं, "सूप सरकेना. मी कसं शिवू?"

खरंच की! खिडकीत उभं होतं धुतलेलं सूप.

"सुपा, सुपा, सरक ना! ऊन शिवेना, शेंडा सोडेना, रस येईना, पेशी फुगेना, वेल वाकेना, माझा कण मिळेना!"

सूप म्हणालं, "मावशी उचलेना. मी कसं सरकू?"

मावशीला पाखडायचे होते तांदूळ. ती घरभर काहीतरी शोधत होती. टिचकी चढली तिच्या कानापाशी.

"मावशी, मावशी, उचल ना! सूप सरकेना, ऊन शिवेना, शेंडा सोडेना, रस येईना, पेशी फुगेना, वेल वाकेना, माझा कण मिळेना!"

मावशीने ऐकलं फक्त "सूप".

"अगंबाई, सूप! खिडकीत वाळत ठेवलंय, आणि मी शोधतेय घरभर!"

मावशीने सूप उचललं. ऊन आत आलं. ऊन शेंड्याला शिवलं. शेंड्याने रस सोडला. रस निघाला सावलीच्या बाजूने. झुळुझुळु झुळुझुळु.

टकटक!

"कोण आहे?"

"मी वाढरस!"

"ये, ये, आत ये!"

पेशी फुगली. टम्म! शेजारची फुगली. टम्म! सावलीची बाजू झाली लांब, आणि वेल वाकली उन्हाकडे. हळूऽऽ हळू. दुपार झाली, आणि शेंडा टेकला डब्यावर.

पुढे टिचकी, मागे बहीण. तुरुतुरु तुरुतुरु. कण मिळाला!

मावशी डब्यापाशी आली. "अगंबाई! डबा पाण्यात, आणि मुंग्या झाकणावर? आल्या तरी कुठून?"

टिचकी काहीच बोलली नाही.

तोंडात कण होता ना!