आधी नमस्कार, मग कुलूप

"पोरगी गुणी आहे, पण तोंडात जीभ आहे की नाही देव जाणे. एका अर्थी बरंच म्हणा. आमच्या भालूला जे सांगावं ते तो करतो. घरात सांगणारी तोंडं जितकी कमी तितकी बरी."

माई परसात शेजारणीला हे सांगत होत्या. आत खिडकीखाली त्यांची नवी सून अनघा तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं आणि एक खडा बाजूला काढला. सांगेल ते करणारा नवरा मिळाला, यात वाईट ते काय, असं तिला वाटलं. लग्न अजून ताजं होतं.

तर बोरखिंडीतला भोळा तो हा भालचंद्र. त्याच्या वडिलांची, तात्यांची, पपईची रोपवाटिका होती. भालूने तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. रोपं तयार झाली की नोंदणी केलेल्यांना आपोआप मेल जाणार. ती मेल फाटकावर दाखवली की रोपं मिळणार. रोपं तयार झाली. मेल जाईना. पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: सुरक्षित जोडणी झाली नाही.

तात्यांनी एकदाच सांगितलं. रोपं पिशवीत फार टिकत नाहीत. हा हंगाम बुडाला, तर रोपवाटिका बंद.

भालूने पुण्याला मावसभावाला, सुहासला, फोन लावला. सुहास म्हणाला, तू ज्या दाराने मेल पाठवतोस तिथे आधी उघड नमस्कार करायचा असतो, मग कुलूप लावायचं आणि मग बोलायचं. तू आधीच कुलूप लावून जातोस, म्हणून समोरच्याला काही उमगत नाही.

भालूला पटलं. प्रोग्राम त्याने बदललाच. इतक्यात आत्याबाई आल्या. भालूने फाटकात त्यांना वाकून नमस्कार केला आणि खाडकन कुलूप लावलं. आत्याबाई पिशवी घेऊन बाहेरच.

माई धावत आल्या. "अरे, कुलूप का लावलंस?"

"आता बोलायचंय ना," भालू म्हणाला.

आत्याबाईंना आत घेतलं, चहा दिला. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "लग्नानंतर पोरं बदलतात, हे ऐकून होते वहिनी. पण इतकी?" सगळ्यांनी अनघाकडे पाहिलं. अनघाने कपबशा उचलल्या.

लाल अक्षरं गेली नाहीत, नुसती बदलली. आता प्रमाणपत्राची तक्रार होती. सुहास म्हणाला, समोरच्याचं प्रमाणपत्र बघ. त्यावरचं नाव आणि तू मारतोस ती हाक एकच पाहिजे. जुळलं नाही, तर एक अक्षर बोलायचं नाही.

सकाळी अनघा गिरणीतून दळण घेऊन आली. भालूने फाटकातच आधार कार्ड मागितलं. कार्डावर अनघा. आणि लग्नात ताटभर तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव होतं वैदेही. जुळलं नाही. भालू एक अक्षर बोलला नाही. फाटकही उघडलं नाही.

आतून माई हाका मारत होत्या, वैदेही, अगं वैदेही. अनघा दळणाचा डबा कडेवर घेऊन उन्हात उभी होती. हाक आपल्याला आहे, हे तिच्या नेहमीप्रमाणे उशिरा ध्यानात आलं. त्याबरोबर मेलचं दुखणंही ध्यानात आलं. लाल ओळीत दोन नावं होती, ती तिने भालूच्या खांद्यावरून वाचली होती. मेलवाल्यांनी सर्व्हरचं नाव बदललं होतं, आणि हा अजून जुन्याच नावाने हाक मारत होता.

माईंनी येऊन तिला सोडवलं. जेवणं झाल्यावर अनघा कुणाला न सांगता कॉम्प्युटरपुढे बसली.

तोवर भालूने सुहासला पुन्हा फोन केला होता. सुहास मीटिंगमध्ये होता. घाईघाईत म्हणाला, जरा वेळ तपासणीच बंद करून बघ, म्हणजे खोट कुठे आहे ते कळेल.

भालू फाटकावर गेला आणि तपासणी बंद केली.

बाजाराचा दिवस होता. एका टेम्पोवाल्याने सहज विचारलं, रोपं मिळतात का. भालू म्हणाला, न्या. मेल दाखवायची ना? नको, तपासणी बंद आहे. टेम्पोवाल्याने ही गोष्ट बाजारात सांगितली. मग बाजारच आला. भालूने प्रत्येकाला नमस्कार केला. पैसे नोंदणीच्या वेळीच भरलेले असतात, म्हणून ते कुणाकडे मागितले नाहीत.

इकडे अनघाने सर्व्हरचं नवं नाव घातलं. लाल अक्षरं गेली. मेल सुटली. माईंनी देवापुढे साखर ठेवली. तात्या पहिल्यांदाच हसले आणि रोपं काढून ठेवायला मागे गेले.

ते परत आले ते धावतच.

"भालू, रोपं?"

"दिली."

"कुणाला?"

"ते नाही तपासलं. जरा वेळच बंद होतं, तात्या."

तात्या पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, मेल कुणाकुणाला गेली. भालूचा चेहरा फुलला. सगळ्यांना, म्हणाला. रोपं तयार आहेत, उद्या सकाळीच घेऊन जा, असं लिहिलंय.

कुणी काही बोलेना. माई नाही, आत्याबाईसुद्धा नाहीत. मग अनघाने पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तात्या, मेल गेली. आता उजाडायच्या आत आपणही गेलेलं बरं."