समईचा मान

त्या राज्यात भांड्याकुंड्यांचाच संसार होता, आणि ज्या त्या आळीने आपापला उजेड करावा असा रिवाज होता.

मडक्यांच्या आळीत तो मान समईचा. तिन्हीसांजेला ती पेटली की आळीचे व्यवहार चालत, भांडणंही चालत. ताठ उभी, तोंडाने फटकळ. कडेला काजळीचा जाड थर. त्याला ती आपला दागिना म्हणे.

मग राजधानीत प्रदर्शनाचं पांढरं घर उठलं. भिंती एवढ्या उंच, की वर बघताना घागरींच्या माना अवघडत. खिडकी मात्र एकही नाही. बाहेरच्या उन्हाने आतल्या वस्तू विटतात म्हणे. छतातून गार उजेड पडे. घराची कारभारीण गुलाबदाणी स्वतः आळीत आली, दोन थेंब शिंपडून म्हणाली, "समईबाई, तुमची जागा इथं नव्हे. सगळं राज्य तुम्हाला बघायला येईल."

समई फुलली. कुणाला न विचारता निघाली.

तिथे तिला चिंच लावून घासली. काजळी गेली. भिंती काळवंडतील म्हणून वात काढली, फरशी डागाळेल म्हणून तेल. मधोमध उभी केली. शेजारी न फिरणारं जातं, पलीकडे न वाजणारी घंटा. दर ऋतूला प्रदर्शन बदले, म्हणजे समईचं तोंड दुसऱ्या भिंतीकडे होई.

"बोटभर तेल तरी द्या हो," ती रोज म्हणे.

"एवढा उजेड टाकलाय तुमच्यावर," गुलाबदाणी हसे, "तुम्हाला जळायची गरजच काय?"

एका दुपारी जुनी मैत्रीण, तेलाची बुधली, आली. "अगं भवाने, आळी अंधारात ठेचकाळतेय, आणि तू इथं नटून उभी?"

"तेल आणलंस?"

"आणलं होतं. मेल्यांनी दारातच ओतून घेतलं. माझ्यासोबतच्या काडेपेटीलाही तिथंच बसवलंय."

तेवढ्यात छतातला उजेड गेला. बाहेर ऊन रणरणत होतं. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. बघायला आलेले पेले एकमेकांवर आदळू लागले.

"माझ्या तोंडच्या बोळ्याची वात करते!" बुधली ओरडली.

"दारातलं तेल आणा! काडेपेटीला हाक मारा!" समई ओरडली.

"प्रदर्शनातल्या वस्तूंनी बोलायचं नसतं," गुलाबदाणी अंधारातून म्हणाली, आणि वाट चाचपता चाचपता समईवरच धडकली. गुलाबदाणीच्याच नाजूक मानेला पोचा आला.

यथावकाश छत पुन्हा उजळलं. बुधलीला बाहेर काढलं. आणि समईभोवती मखमली दोर बांधला गेला: पुन्हा अंधार झालाच, तर तिला अडखळून कुणी पडू नये म्हणून.