हत्तीवरून वाचायचे नियम

"अक्षर असं हवं, की हत्तीवर बसून खाली धरलेला कागद वाचता आला पाहिजे. कागद माझ्या तळहाताएवढा. आणि एकशे बारा नियमांतलं एकही अक्षर गाळायचं नाही. आठ दिवसांत झालं नाही, तर नागोपंतांनी गाव सोडावं!"

बोरगिरीच्या हैबतराजांची ही चिठ्ठी मुख्य लेखनिक नागोपंतांनी तीनदा वाचली, उलटी धरून पाहिली आणि ते कपाळाला हात लावून खाली बसले.

बोरगिरीच्या दफ्तरात कोणताही मजकूर लिहायला आला, की त्याच्यावर राजांची अशी चिठ्ठी डकवलेली असे. अक्षर केवढं, समास किती, मथळे तांबडे की काळे, सगळं चिठ्ठी सांगे. जे राहून जाई ते पूर्वी पंत आपल्या अकलेनं भरून काढत. पण एकदा त्यांनी न विचारता पानांवर आकडे घातले आणि राजे भडकले. "चिठ्ठीत आहे तेवढंच करायचं! नाही ते करायचं नाही!" तेव्हापासून पंतांनी आपली अक्कल कुलपात ठेवली होती.

आता पीलखान्याचे, म्हणजे हत्तीशाळेचे नियम करायचे होते. ते माहुतांना हत्तीवरून वाचता यावेत आणि त्यांच्या कनवटीलाही बसावेत, असं राजांच्या डोक्यात आलं. राजांच्या डोक्यात काही आलं, की ते तिथे फार वेळ थांबत नसे. लगेच चिठ्ठीवर उतरे.

"एवढासा कागद, एवढं मोठं अक्षर आणि एकशे बारा नियम!" पंत रडकुंडीला आले. "साठी उलटल्यावर बिऱ्हाड घेऊन कुठे जाऊ?"

कोपऱ्यात गोजरा गुळगुळीत दगडानं कागद घोटत होती. पंधरा वर्षं तिचं हेच काम. हात कागदावर आणि कान दफ्तरभर!

"आवं पंत," ती म्हणाली, "पानं किती करायची, ते लिवलंय का चिठ्ठीत?"

"नाही."

"पानांवर आकडे?"

"नाही."

"अनुक्रमणिका?"

"नाही गं बाई!"

"मग रडताय कशाला? घ्या बोरू!"

आठव्या दिवशी सकाळी राजे ढगोजी नावाच्या हत्तीवर चढून बसले. खाली सगळा दरबार जमला. गोजरानं बावीस टोपल्या आणून रांगेत मांडल्या.

"हे काय? भाजी आणलीस?"

"नियम हायेत, म्हाराज!" तिनं पहिलं पान वर धरलं. तळहाताएवढा कागद आणि त्यावर कागदभर एकच अक्षर, 'श्री'.

राजांना ते अगदी छान वाचता आलं. दुसरं पान आलं, तिसरं आलं. सुरुवातीला अर्थातच राजांची बिरुदं होती. एकूण अकरा! दर दसऱ्याला एक वाढत गेलेलं. चार पानं झाली, की राजे मागचं विसरत आणि "थांब, आधीचं काय होतं?" म्हणून ओरडत. मग गोजरा शांतपणे टोपलीत हात घालून मागचं पान शोधी. अकरावं बिरुद संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"बिरुदं राहू दे ना! पुढे चल!"

"एक अक्षर गाळायचं न्हाई, म्हाराज. तुमचीच चिठ्ठी!"

इकडे ढगोजी सोंड हलवायला लागला. त्याच्या मानेवर बसलेला माहूत रहमान घाबरून म्हणाला, "सरकार, चाऱ्याची वेळ झाली. आता हा माझं ऐकायचा नाही."

"चारासुद्धा नियमानंच मिळेल!" राजे हट्टाला पेटले. "पंत, चाऱ्याचा नियम कितवा?"

"बावन्नावा, महाराज."

"गोजरे, बावन्नावा दाखव!"

"तो कुठल्या टोपलीत हाय, कोण जाणे! पानांवर आकडे न्हाईत. अनुक्रमणिकाबी न्हाई."

"का नाही?"

"चिठ्ठीत नव्हती!"

तेवढ्यात ढगोजीनं जवळच्या टोपलीत सोंड घातली आणि घासभर नियम तोंडात कोंबले.

"म्हाराज," गोजरा म्हणाली, "बावन्नावा बहुतेक गेला!"

कागद काही ढगोजीला रुचला नाही. तो राजांसकट तरातरा निघाला तो थेट उसाच्या ढिगापाशी थांबला.

"रहमान! मला खाली उतरव!"

"खाणं संपल्याशिवाय बसत नाही हा, सरकार."

मागोमाग धावलेली दरबारी मंडळी हसू दाबायला तोंडात शेला कोंबून उभी होती. पंतांनी तर डोळेच मिटून घेतले. आता गाव जाणार, नाहीतर मान!

राजे वरून गरजले, "गोजरे! चिठ्ठीतलं सगळं केलंस, तरी नियम वाचता येत नाहीत! माझ्या चिठ्ठीत चुकलं काय?"

"अक्षर केवढं ते लिवलंत, म्हाराज. कागद केवढा ते लिवलंत. वाचणार कोण, ते तेवढं राहिलं. रहमानचाचाला इचारा की!"

रहमान मान खाली घालून म्हणाला, "सरकार, आम्ही चौदा माहूत आहोत. पण वाचता एकालाही येत नाही."

खाली ढगोजी कडाकडा ऊस फोडत होता.

"म्हणजे सगळी मेहनत फुकट?" राजे शेवटी म्हणाले. "आधी माहुतांनाच शिकवायला हवं होतं! पण आता एवढ्या जणांना पुरतील इतकी मोठी मोठी अक्षरं काढायची कुणी? कधी?"

गोजरानं पदर खोचला आणि हात पसरून रांगेतल्या टोपल्या दाखवल्या.

"एका पानावर एक अक्षर, हत्तीवरूनबी दिसंल एवढं! ढगोजीनं खाल्लेली सोडून साडेसहा हजार तयार हायेत, म्हाराज!"

राजांनी टोपल्यांकडे पाहिलं, गोजराकडे पाहिलं आणि ते असे हसत सुटले, की रहमानला त्यांचा पाय धरून ठेवावा लागला. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून खाली टाकलं. गोजरानं ते पदरात अलगद झेललं.

"पंत!" राजे डोळे पुसत ओरडले. "गाव सोडायचं नाही! उद्यापासून माहुतांची शाळा तुमच्याकडे. आणि पीलखान्याचे नियम पुन्हा लिहा. अक्षर, कागद, आकडे, सगळं तुमच्या मनानं. चिठ्ठी येणार नाही!"